दोन इंजिनांची जीप

आमच्या जीपला दोन इंजिनं होती. एक बॉनेटखाली आणि दुसरं गोठ्याच्या कोपऱ्यात, दोन सागवानी फळ्यांवर, पोत्यानं झाकून ठेवलेलं. गावात गाडी ओळखायची ती रंगावरून नाहीतर नंबरवरून. आमची मात्र ‘दोन इंजनांची’ म्हणूनच ओळखली जायची. नव्या पाहुण्याला वाटायचं, विमानासारखी दोन्ही एकदम चालत असतील. मग कुणीतरी त्याला गोठ्यात नेऊन पोतं उचलून दाखवायचं.

आमचं गाव कोल्हापूर–राधानगरी रस्त्यापासून आत, भोगावतीच्या अंगाला. काळी जमीन, ऊस, हिवाळा लागला की गुऱ्हाळं. रस्त्यापासून गावापर्यंत पाच किलोमीटरची वाट आणि मध्ये एक ओढा. एस. टी. दिवसातून दोनदा यायची, आणि पावसाळ्यात ओढ्यापलीकडंच थांबायची.

आबांनी जीप घेतली 1978 साली, एका साखर कारखान्याच्या लिलावात. 1965 चं मॉडेल, पेट्रोलवरची. तेव्हा पेट्रोलच्या जीपा तशा स्वस्तातच जात. 1973 साली अरब–इस्रायल युद्ध झालं, तिकडं तेलाचे भाव भडकले आणि त्याची झळ आमच्या तालुक्यापर्यंत पोचली. कारखाने, सरकारी खाती, सगळ्यांनाच पेट्रोलच्या गाड्या जड झाल्या. लिलावात आबांच्या विरुद्ध बोली बोलणारे दोघंच होते, आणि त्यांतल्या एकाला गाडी भंगारात मोडायची होती. ते ऐकून आबांनी बोली वाढवली. “चालती गाडी मोडायची म्हंजी काय?” असं ते पुढं कितीतरी वर्षं सांगायचे.

त्या जीपचं बॉनेट उंच होतं. जुन्या लष्करी जीपा पाहिल्या असतील त्यांना आठवेल, त्यांची बॉनेटं बसकी असायची. महिंद्रांनी 1949 साली माझगावला जीप जुळवायला सुरुवात केली, ती त्या बसक्या घराण्यातली. पुढं 1953 साली अमेरिकेत विलिस कंपनीनं जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचं नवं इंजिन घातलं. 2.2 लिटरचं, चार सिलिंडरचं. त्याची रचना जराशी वेगळी. पेट्रोल-हवा आत घेणारा वॉल्व वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारा वॉल्व खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळं इंजिनाची उंची वाढली, आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग कंपनीनं सरळ बॉनेटच उचललं. तीच उंच कपाळाची जीप पुढं महिंद्रांनी इथं काढली, जपानात मित्सुबिशीनंही काढली. म्हणजे आमच्या जीपचा चेहरा त्या इंजिनामुळं तसा होता. हे सगळं मला नंतर मेस्त्रींनी सांगितलं. लहानपणी मला एवढंच कळायचं की आमची जीप मान वर करून चालते.

आबांना त्या इंजिनाचा आवाज फार आवडायचा. पहाटे चोक ओढून, पुढून हँडल मारून ते गाडी सुरू करायचे. बॅटरी चांगली असली तरी हँडलच. सुरू झाली की जरा वेळ नुसते उभे राहून ऐकायचे. थोरला दादा म्हणायचा, “आबा, पेट्रोल जळतंय.” आबा म्हणायचे, “जळू दे की. तुज्या बाचं हाय.”

पण ते जळणं पुढं परवडेना. जीप लिटरला सात-आठ किलोमीटर जायची. 1985 च्या सुमारास आमच्या घरावर दोन ओझी एकदम आली. नदीवरून पाइपलाइन आणायला भाऊबंदांनी मिळून कर्ज काढलं होतं, त्यातला आमचा हप्ता सुरू झाला, आणि त्याच वर्षी उसाला तांबेरा लागून उतारा पडला. अक्काचं लग्न ठरलं होतं. जीप दारात उभी असायची. आठवड्याच्या बाजाराला आबा एस. टी.नं जायला लागले. ते पाहून लोक काय म्हणत असतील, याचा त्यांना जाच होत होता. बोलून दाखवत नव्हते, पण संध्याकाळी जीपकडं पाठ करून बसायचे.

विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक मोडणाऱ्याचंच. तेव्हा दादानं पहिल्यांदा वडापाचा विषय काढला. कोल्हापूरकडं ज्याला वडाप म्हणतात ती शेअर जीप तेव्हा नुकती सगळीकडं दिसायला लागली होती. भरली की सुटायची, हात केला की थांबायची. खाजगी पासिंगच्या गाडीत माणसं भरणं कायद्याला धरून नव्हतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण एस. टी. पोचत नव्हती तिथं वडापच पोचत होतं. फक्त ते पेट्रोलवर जमणारं नव्हतं. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या जवळपास निम्म्या भावात मिळायचं. “इंजान बदलायचं,” दादा म्हणाला. “मॅटाडोरचं बसतंय म्हणत्यात.”

आबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं पाटल्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. तिच्या माहेरच्या, चार तोळ्यांच्या. ती म्हणाली, “अक्काच्या लग्नात घालायला लागतील. तवर सोडवा.” एवढंच. आबांनी पाटल्या उपरण्यात बांधल्या आणि कोल्हापूरला गेले.

मेस्त्रींची शेड उद्यमनगरात होती. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर म्हणजे लोखंड शिजवणाऱ्यांची पेठ. नदीवरचं पाणी उचलायला आणि गुऱ्हाळात ऊस गाळायला ऑइल इंजिनं लागायची. ती दुरुस्त करता करता इथले लोक सुटे भाग ओतायला शिकले, मग अख्खी इंजिनंच बनवायला लागले. मेस्त्री त्यातलेच. शाळा चौथीपर्यंत. पण लेथवर बसले की कान मशिनीकडं लागलेले असायचे. टूल कसं कापतंय ते ते आवाजावरून सांगायचे. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळा होतो. आबांनी मला जीपबरोबर तिथंच ठेवलं. “काय लागंल ते दे हातात. आणि बग नीट,” असं सांगून गेले. सव्वा महिना मी तिथं होतो. आयुष्यात पुढं जे काही शिकलो त्यातलं बरंचसं त्या शेडमध्ये शिकलो.

इंजिन बदलायचं म्हणजे एक उचलून दुसरं ठेवायचं, असं लोकांना वाटतं. मेस्त्री म्हणायचे, “सोयरीक हाय ही. दोन घरांच्या चालीरीती येगळ्या. मदी माणूस लागतो.”

अपघातात चेंगरलेल्या एका मॅटाडोरचं डिझेल इंजिन त्यांनी भंगारवाल्याकडून आणलं. मॅटाडोर बजाज टेम्पोची, आकुर्डीला बनायची, इंजिनाची मूळ घडण जर्मन. पण मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. तिचा गिअरबॉक्स आम्हाला काही कामाचा नव्हता. जीपचाच गिअरबॉक्स, जीपचाच फोर व्हील ठेवायचा, आणि त्याच्या तोंडाला हे परकं इंजिन जोडायचं. दोघांची भोकं जुळत नव्हती, माप जुळत नव्हतं, क्लच जुळत नव्हता.

मधला माणूस म्हणजे एक लोखंडी प्लेट. मेस्त्रींनी इंजिनाच्या पाठीला जाड पुठ्ठा लावला, त्यावर ग्रीस चोळलं आणि गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हळूहळू ठोकत गेले. भोकांच्या जागी पुठ्ठा कापून पडला. इंजिनाचा नकाशा तयार. तसाच गिअरबॉक्सच्या तोंडाचाही घेतला. मग दोन्ही पुठ्ठे एकावर एक ठेवायचे. पण कसे ठेवायचे, हाच तर सगळा प्रश्न होता. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एकाच रेषेत यायला हवा. जरा ढळला तर क्लच थरथरणार, शाफ्टचं बेअरिंग खाणार, आणि हजार-दोन हजार किलोमीटरात सगळं तुटून हातात येणार. “सुतारकामात सूत चालतंय,” मेस्त्री सांगायचे, “हितं थाउ बगायचा.” थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्यांनी क्रँकला डायल गेज बांधला आणि मला क्रँक हातानं फिरवायला लावली. काटा हलला की प्लेट सैल करायची, लाकडी ठोकणीनं चुटकीएवढी सरकवायची, पुन्हा आवळायची, पुन्हा फिरवायची. दीड दिवस आम्ही तेच केलं. शेवटी काटा दोन थाउच्या आत राहिला, तेव्हा त्यांनी डॉवेलची भोकं पाडली आणि पिना ठोकल्या. “आता ही हललीच तर भूकंपानं,” म्हणाले.

मग एकेक गोष्ट पुढं आली. इंजिनाचं चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलच्या गोळ्याला टेकत होतं, ते कापून दुसऱ्या बाजूनं वाढवलं. जीपच्या क्लच प्लेटचा मधला भाग काढून डिझेलच्या प्लेटवर रिव्हेट मारून बसवला, कारण गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते त्यालाच जुळत होते. क्रँकच्या टोकाला गनमेटलचं बुश ओतून, कातून घातलं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पेट्रोलला एकच नळी पुरते, डिझेलला दोन लागतात, कारण नोझलमधून उरलेलं डिझेल परत टाकीत यावं लागतं. त्या दुसऱ्या नळीचं तोंड जोडायला टाकी तापवायची होती. मेस्त्रींनी आधी ती धुतली आणि तोंडापर्यंत पाण्यानं भरली. टाका मारायचा तेवढाच कोपरा पाण्याच्या वर ठेवला. “रिकामी टाकी भरल्या टाकीपरास वंगाळ. आत वास ऱ्हातो, त्यो पेट घेतो,” हे वाक्य मी विसरलेलो नाही.

बॉनेट बसवलं त्या दिवशी मेस्त्रींनी आत हात घालून दाखवला. डिझेल इंजिन बसून वर चार बोटं जागा उरली होती. “बसकी जीप असती तर बॉनेट कापाय लागलं असतं. त्या पेट्रोलच्या इंजनानं जागा करून ठेवली हुती, म्हणून हे बसलं.”

कागदपत्रांचा आग्रह आबांचा. भंगारवाल्याची पावती, अर्ज, मग आर. टी. ओ.त तपासणी. तिथल्या माणसानं चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून छाप घेतला, नवीन इंजिन नंबराचाही घेतला, आणि पुस्तकात पेट्रोल खोडून डिझेल लिहिलं. चेसिस नंबर होता तोच राहिला. लोक तेव्हा हे काही करत नसत, पण आबा म्हणाले, “उद्या कुणी चोरीचं इंजान म्हणून धरलं तर? पाटल्या घातल्यात त्यात.”

काढलेलं इंजिन मेस्त्री विकत घेणार होते, त्याचे पैसे मजुरीतून वजा होणार होते. आबांनी नको म्हटलं. बैलगाडीत घालून ते घरी आणलं.

डिझेलवर जीप अगदीच निराळी झाली. आधी हीटर लावून वीस आकडे मोजायचे, मग सेल्फ मारायचा. बंद करायला चावी नाही, एक तार खेचायची. आवाज असा की गावाच्या वेशीवर असली तरी घरात चुलीवर चहा ठेवला जायचा. पळत नव्हती. जीपच्या मागच्या पिनियनला 8 दाते आणि क्राउनला 43, म्हणजे टॉप गिअरमध्येसुद्धा चाक एकदा फिरायला इंजिनानं पाचदा आणि वर थोडं फिरायचं. पेट्रोलचं इंजिन ते हसत करायचं, डिझेलला एवढं भरभर फिरणं जमत नाही. पंचावन्न-साठच्या पुढं गेली की आरशात काही दिसायचं नाही, नुसती थरथर. पण ओझं ओढायला तेच दाते उपयोगी पडले. पंधरा माणसं, चार दुधाच्या किटल्या आणि टपावर खताची पोती घेऊन ती चढ चढायची, आणि लिटरला तेरा-चौदा किलोमीटर द्यायची.

दादा चालवायचा, मी सुट्टीत मागं लटकून पैसे गोळा करायचो. सकाळी दूधवाले आणि कॉलेजची पोरं, मग बाजाराच्या बायका, दुपारी कोर्टकचेरीची माणसं, संध्याकाळी उद्यमनगरातून सुटलेले कामगार. कुणाची कोंबडी, कुणाचा टीव्ही, कुणाची नवरी. पैसे नसले तर “सुगीत देतो” म्हणायचे, आणि द्यायचे.

एका श्रावणात ओढ्याला पाणी चढलेलं असताना शेजारच्या वाडीतली एक पोर अडली होती. रात्रीचे अकरा. पेट्रोलच्या काळात ओढ्याला पाणी असलं की जीप अलीकडंच थांबायची, कारण डिस्ट्रिब्यूटर भिजला की ठिणगी मरते आणि गाडी पाण्यात उभी राहते. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा घ्यायचं तोंड पाण्याच्या वर राहिलं की ते चालत राहतं. दादानं फॅन बेल्ट काढून ठेवला, नाहीतर पंख्यानं पाणी उडून आत गेलं असतं. आबा पुढं कमरेइतक्या पाण्यात काठी टेकत चालले, त्यांच्यामागं जीप. त्या बाईचा मुलगा आज आमच्याच गावच्या दूध संस्थेत आहे. तो भेटला की आई त्याला ‘ओढ्यातला’ म्हणते.

पाटल्या चौदा महिन्यांत सुटल्या. अक्काच्या लग्नाला थोडा उशीर झाला, पण आई त्या घालूनच मांडवात उभी राहिली.

आणि गोठ्यातलं इंजिन? दर खंडेनवमीला आबा नांगर, कोयते, विळे, पाण्याची मोटर सगळं धुऊन पुजायचे. जीपला हार घालायचे. मग गोठ्यात जाऊन पोतं काढायचे. चारी प्लग खोलायचे, प्रत्येक भोकातून पळीभर तेल आत सोडायचे, हँडल लावून इंजिन दोन-तीनदा फिरवायचे आणि प्लग परत लावायचे. मी एकदा विचारलं, “आबा, हे आता कुठं बसवायचंय?” ते म्हणाले, “बसवायचं न्हाई. पर आखडाय नको.”

2002 च्या सुमारास वडाप थांबलं. नव्या, लांब गाड्या आल्या, रस्ता डांबरी झाला, ओढ्यावर पूल झाला, एस. टी. गावात यायला लागली. जीप गुऱ्हाळाला चिपाड आणि खत वाहण्यापुरती उरली. 2009 साली आबा गेले. त्या वर्षी खंडेनवमीला मी पुण्याहून गेलो होतो. कुणी काही बोललं नाही, पण दुपारी दादा गोठ्यात गेला आणि प्लगचा पाना शोधायला लागला.

2017 च्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला. पुण्यामुंबईकडचा एक जुन्या गाड्या गोळा करणारा माणूस गावात येऊन गेला होता. त्यानं गोठ्यातलं इंजिन हातानं फिरवून बघितलं, नंबर बघितला, जीपचा चेसिस नंबर बघितला, आणि म्हणाला, हे इंजिन परत याच गाडीत बसवा, बाकी दुरुस्ती मी बघतो, कंपनीतून निघाली तशी करून द्या, चार लाख देतो. तसल्या लोकांत, चेसिस आणि इंजिन दोन्ही मूळची असली की गाडीचा भाव वेगळाच असतो. डिझेल बसवलेल्या जीपला मात्र त्यानं हात हलवून नको म्हटलं.

चार लाख ही आमच्या घरात लहान रक्कम नव्हती. दादाच्या धाकटीची नर्सिंगची फी होती, बोअरचं पाणी गेलं होतं. मी गेलो. आम्ही दोघं जीप घेऊन मेस्त्रींकडं गेलो. गोठ्यातलं इंजिन ट्रॉलीत.

शेडच्या जागी आता कॉम्प्युटरवरची मशिनं होती. कारभार मुलाकडं. मेस्त्री बाहेर खुर्चीवर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक काढला होता, दुसरा काढायचा होता. मुलानं दोन दिवसांत निकाल दिला. पेट्रोल इंजिन आतून चांगलं होतं, रिंगा, गास्केट आणि वॉल्वचं काम केलं की आठवड्यात सुरू होईल. डिझेलचं जास्त काम होतं. सिलिंडर झिजले होते, लायनर घालावे लागणार, क्रँक घासावी लागणार. हिशोबानं बघितलं तर सगळंच पेट्रोलच्या बाजूनं होतं. कायद्यानंही अडचण नव्हती. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे, इंजिन बदलायचं तर आर. टी. ओ.ची परवानगी आणि पुस्तकात नोंद. आबांचे जुने कागद होतेच.

डिझेल इंजिन खाली उतरवलं तेव्हा ती मधली प्लेट निघाली. एकतीस वर्षांनी. मेस्त्रींनी ती मांडीवर घेतली आणि डॉवेलच्या भोकांच्या कडेनं बोट फिरवलं. मग मुलाला म्हणाले, “गेज लाव. क्रँकला बग, किती फिरतंय.” मुलानं प्लेट परत लावून गेज बांधला आणि बघितलं. अडीच थाउ. मेस्त्री काही बोलले नाहीत. चहा सांगितला.

घरी येऊन आम्ही आईला सगळं सांगितलं. ती तेव्हा ब्याऐंशीची. पाटल्या तिनं केव्हाच वहिनींना दिल्या होत्या. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यो माणूस गाडी चालवणार हाय का ठेवणार हाय?”

“ठेवणार,” दादा म्हणाला. “काचंच्या शेडात. वर्षातनं एकदा मिरवायला काढणार.”

“आनि मेस्त्रीची ती प्लेट?”

“ती लागणार न्हाई मग.”

आई पुढं काही बोलली नाही. रात्री जेवताना दादा म्हणाला, “तो कंपनीची गाडी मागतोय. कंपनीच्या गाडीत थोडी वर्षं काय ती गेली. पाटल्या, अक्काचं लगीन, माझं लगीन, तुझं शिक्षण, हे सगळं दुसऱ्या गाडीत गेलं. आपली गाडी कुठली?” मला उत्तर सुचलं नाही. पण प्रश्न बरोबर होता. जुनी गाडी सुधारायची म्हटलं की तिला कुठल्यातरी एका दिवशी नेऊन उभं करावं लागतं. गिऱ्हाइकाला 1965 चा दिवस हवा होता, जो आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता. आमचा दिवस 1986 चा.

वाट मेस्त्रींच्या मुलानं काढली. गडहिंग्लजकडचे एक निवृत्त सुभेदार त्याच्याकडं वर्षभर येत होते. त्यांच्याकडं ह्याच मॉडेलची जीप होती, चेसिस, गिअरबॉक्स, सगळं ठीक. पण आधीच्या मालकानं त्यात डिझेल बसवून पेट्रोलचं इंजिन भंगारात घातलं होतं, आणि ते डिझेलही आता संपलं होतं. सुभेदारांनी नोकरीत हीच जीप चालवली होती, आणि त्यांना ती चालवायचीच होती. ते आले, दादानं पोतं काढलं, त्यांनी हँडल लावून इंजिन फिरवलं. अडखळलं नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, “हे तेलावर कुणी ठेवलं?” दादानं भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडं हात केला.

त्यांनी दिलेले पैसे चार लाखांच्या जवळपासही नव्हते. पण त्यात आमच्या डिझेलचे लायनर, पिस्टन, नोझल आणि क्रँकचं काम निघालं. पत्र्याचं, रंगाचं काम दादानं आणि मी पदरचं घातलं. धाकटीची फी दादानं त्या वर्षीच्या उसाच्या बिलातून भागवली. बोअर अजून झालेलं नाही. हे लिहिलं पाहिजे, कारण असल्या गोष्टी सांगताना माणसं हिशोबाची ही बाजू गाळतात.

जीपला चार महिने लागले. तळाचा पत्रा पूर्ण बदलला. चेसिस खरवडल्यावर खाली कारखान्याचा निळा रंग, त्याखाली मूळचा हिरवा सापडला. आम्ही तिला वडापाच्या काळातला पांढरा दिला, दारांच्या खालच्या पट्टीला लाल. तीच प्लेट, त्याच पिना. पासिंगला गेलो तेव्हा अधिकाऱ्यानं चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि पुस्तकातल्या 1986 च्या नोंदीशी इंजिन नंबर ताडून बघितला. पर्यावरण कर भरला, पाच वर्षांची मुदत वाढवून मिळाली.

त्याच दिवाळीत सुभेदारांचा फोन आला. त्यांनी फोन गाडीजवळ नेला असावा. आधी हँडल फिरल्याचा खर्र आवाज, मग एक-दोन ठसके, आणि मग ते इंजिन सुरू झालं. दादानं फोन आईच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं, वहिनी धावल्या. फोन परत देताना आई म्हणाली, “पेट्रोल लई जाळतंय म्हणावं, जपून.”

आता खंडेनवमीला आमच्याकडं एकच इंजिन पुजलं जातं. सुभेदार त्यांच्याकडं त्यांचं पुजतात. गोठ्यातल्या दोन फळ्यांवर दादानं भेंडीच्या बियाण्याचे डबे ठेवलेत. बॉनेट उघडलं की वर चार बोटं मोकळी जागा दिसते. गावातल्या नव्या पोरांना दादा तिथं हात घालून दाखवतो, आणि सांगतो ती कुणाची जागा आहे ते.